रात्रपाळीचा शेजारी

तुमच्या सोसायटीत एक मेंबर असा असू शकतो, जो मेंटेनन्स भरत नाही, पार्किंगवरून भांडत नाही आणि एजीएमला तर कधीच फिरकत नाही. त्याची ड्यूटी दिवेलागणीनंतर सुरू होते आणि पहाटे चारच्या सुमारास संपते. वीकेण्ड नाही, अप्रेझल नाही, बॉसची कटकट नाही. दिवसभर साहेब गाढ झोपलेले. कुठे? जुन्या आंब्याच्या ढोलीत, माडाच्या झावळ्यांत, नाहीतर थेट तुमच्या डोक्यावर, फॉल्स सीलिंग आणि स्लॅबच्या मधल्या त्या अंधाऱ्या फटीत!

दचकू नका. भूतबित काही नाही. आजचे आपले पाहुणे आहेत उदमांजर. इंग्रजीत एशियन पाम सिव्हेट. मुंबईत आरे, बोरिवली, पवई, ठाण्यात येऊरच्या बाजूला, पुण्यात टेकड्यांच्या कडेला किंवा जुन्या बंगल्यांच्या गल्लीत राहत असाल, तर याच्याशी तुमची नजरानजर झालीही असेल. रात्री उशिरा कॅबमधून उतरताना कंपाउंडच्या भिंतीवरून लांब शेपटीचं काहीतरी सरसर निघून गेलं आणि तुम्ही स्वतःशीच म्हणालात, ‘केवढं मोठं मांजर!’

बॉस, ते मांजर नव्हतं.

मांजर नाही, मुंगूसही नाही

आधी ओळखपरेड करून टाकू. वजन साधारण दोन ते पाच किलो, म्हणजे घरच्या गुबगुबीत बोक्याएवढं. अंग लांबुळकं, पाय आखूड, आणि शेपटी जवळजवळ अंगाएवढीच लांब. रंग राखाडी, केस जरा राठ, पाठीवर काळसर ठिपक्यांच्या तीन ओळी. पाय, कान आणि शेपटीचं टोक काळं. चेहऱ्यावर डोळ्यांभोवती असा काही मुखवटा, की बघताक्षणी वाटावं, स्वारी कुठेतरी घरफोडी करूनच आली आहे.

कुळ विचाराल तर मांसाहारी प्राण्यांच्या गणातलं, पण मार्जारकुळातलं नाही. मांजर, तरस, मुंगूस आणि उदमांजर हे एकाच मोठ्या खानदानातले चुलत-चुलत भाऊ. उदमांजराची शाखा वेगळी, तिचं नाव व्हिव्हेरिडी. हे कुळ जुनं आहे आणि त्याला झाडावर चढायची फार हौस. या पठ्ठ्याचे तळवे केसाळ नसतात, उघडे असतात. पाच बोटं, त्यांना धारदार नख्या. त्यामुळे ड्रेनेजचा पाइप म्हणजे याच्यासाठी लिफ्टच. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, तिथून छज्जा, छज्ज्यावरून फांदी, फांदीवरून शेजारच्या बिल्डिंगची गच्ची. रस्त्यावर न उतरता अख्खी गल्ली पार!

आता आडनावांचा घोळ. उदमांजर म्हटलं की काही जणांना पाण्यातलं ऊद आठवतं, कारण हिंदीत ऊदबिलाव म्हणजे ऑटर, आपलं पाणमांजर. दोघांचा काही संबंध नाही. जवादी मांजर हेही वेगळं. तो याचा भाऊबंद, पण बराचसा जमिनीवरून फिरणारा आणि शेपटीवर कडी असणारा. त्याच्या ग्रंथींतला सुगंधी स्राव अत्तरासाठी पूर्वापार वापरात आहे. आपल्या पाहुण्याच्या शेपटीवर कडी नसतात. अंधारात ओळखायची सोपी खूण हीच.

नावं ठेवायला काय जातं?

बिचाऱ्याला नावं ठेवण्यात कोणीच कसर सोडलेली नाही. कुठे म्हणतात कांडेचोर. म्हणजे ओळख व्हायच्या आत चोरीचा आरोप दाखल. कुठे म्हणतात मसण्याऊद. मसणात फिरतो आणि पुरलेली मढी उकरतो म्हणे! केरळात याला मरपट्टी म्हणतात, म्हणजे झाडावरचं कुत्रं. थोडक्यात काय, कोणाला हा मांजर वाटतो, कोणाला कुत्रा, कोणाला चोर, तर कोणाला भूत.

शास्त्रज्ञ तरी सभ्य असतील असं वाटलं ना? १७७७ मध्ये पीटर सायमन पलास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने याला जातिनाम दिलं, हर्माफ्रोडायटस. अर्थ, नर आणि मादी एकाच देहात. कारण काय, तर या प्राण्यात नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखाली गंधग्रंथी असतात आणि त्या वरवर पाहता वृषणांसारख्या दिसतात. प्रत्यक्षात नर तो नर, मादी ती मादी. पण एकदा रेकॉर्डवर नाव चढलं की चढलं. एचआरच्या सिस्टीममध्ये चुकलेलं स्पेलिंग कधी बदलून मिळालंय का? तसंच हे. प्रजातीच्या नावाचा पहिला भाग आहे पॅराडॉक्सुरस, म्हणजे विचित्र शेपटीवाला. म्हणजे कागदोपत्री पूर्ण नाव झालं, ‘विचित्र शेपटीचा, नर-मादी एकत्र असलेला’. अशा नावाने कोणीही तोंड लपवून रात्रीच बाहेर पडेल.

त्या गंधग्रंथींचं काम मात्र जोरदार आहे. अंगावर कोणी आलंच, तर हा असा काही वास सोडतो की समोरचा नाक धरून मागे फिरतो. एरवी तोच वास याचं व्हिजिटिंग कार्ड. फांदीवर, भिंतीवर, दगडावर शेपटीखालचा भाग घासला की निरोप सुटला. ‘मी इथे राहतो, मी नर आहे, मी कालच येऊन गेलो.’ एकलकोंड्या प्राण्याला एवढं सोशल नेटवर्किंग पुरतं.

याच कुळात बिंटुराँग नावाचा एक भारी प्राणी आहे, आपल्याकडे ईशान्य भारतात सापडतो. त्याच्या अंगाला चक्क पॉपकॉर्नचा वास येतो. २०१६ मध्ये त्यामागचं रसायन सापडलं. बासमती तांदळाला आणि गरम पॉपकॉर्नला ज्याचा सुवास असतो, तेच रसायन बिंटुराँगच्या मूत्रात निघालं! मल्टिप्लेक्समध्ये बसल्यावर हे आठवलं तर आम्हाला दोष देऊ नका.

मेनू कार्ड

मांसाहारी गणातला प्राणी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रक्तबिक्त आलं असेल. उदमांजराचा मेनू बघा. आंबा, चिकू, जांभूळ, पपई, पेरू, केळी, वडाची आणि उंबराची फळं. तोंडी लावायला उंदीर, घुशीची पिल्लं, किडे, गोगलगायी, कधी एखादं पाखरू नाहीतर अंडं. गावाकडे खुराड्याचं दार नीट लागलेलं नसेल तर कोंबडीवरही हात मारतो, खोटं कशाला बोला! पण मन रमतं ते फळांतच. त्यातही चॉइस अशी, की पूर्ण पिकलेलं तेवढंच घ्यायचं. तुम्ही भाजीवाल्याकडे दहा आंबे हुंगून दोन उचलता ना, अगदी तसं.

आणि दारू? तीही चालते! कोकणात आणि गोव्यात माडावर माडीसाठी मडकी बांधतात. रात्री माडावर चढून त्या मडक्यात तोंड घालायची याची जुनी खोड. म्हणून साहेब लोकांनी याचं नाव ठेवलं टॉडी कॅट. सकाळी माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला किंवा रेंदेराला मडकं हलकं लागलं, की शिव्यांचा पहिला मान याचा.

पण खरी गंमत जेवणानंतरची आहे. याचं पोट साधं. फळाचा गर पचतो, बी पचत नाही. बी आख्खीच्या आख्खी बाहेर पडते आणि पडते कुठे, तर उंचवट्यावर. मोठा दगड, पडलेलं खोड, भिंतीची कड, गच्चीचा कठडा. ही जागाही ठरलेली, कारण हाही निरोपाचाच एक प्रकार. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्यावर कठड्यावर बियांचा चिकट ढीग दिसला आणि तुम्ही वॉचमनकाकांना विचारलंत, ‘हे कोणी केलं हो?’ तर उत्तर आता मिळालं.

त्या ढिगाला नाक मुरडण्याआधी एक सेकंद. वडाचं बी बघितलंय कधी? मोहरीपेक्षाही बारीक. एवढाल्या वडाला आपलं बी पसरवायला कोणीतरी हमाल लागतो. दिवसा हे काम पक्षी करतात, रात्री वटवाघळं आणि उदमांजरं. वटवाघूळ आणि छोटा पक्षी चिकूसारखी मोठी बी पोटातून लांब नेऊ शकत नाहीत. उदमांजर नेऊ शकतं, एका झाडाखालून दुसऱ्या टेकडीपर्यंत.

आपल्या पश्चिम घाटात याचा एक सख्खा भाऊ आहे, तपकिरी उदमांजर. जगात फक्त इथेच सापडतो. दिव्या मुदप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या पर्जन्यवनात त्याच्या विष्ठेचा बारकाईने अभ्यास केला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. त्याचं जवळजवळ सगळं खाणं फळांचं निघालं, तेही पन्नासहून जास्त जातींच्या झाडांची. म्हणजे ज्या जंगलातून आपल्या नद्या उगम पावतात, त्या जंगलाची नर्सरी हा प्राणी रात्रपाळीत चालवतोय. पगार? पिकलेली फळं.

चांदणी रात्र? आज सुट्टी

कवींना पौर्णिमा आवडते, याला नाही. नेपाळच्या चितवन राष्ट्रीय उद्यानात संशोधकांनी उदमांजरांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून त्यांच्या हालचाली टिपल्या. १९९५ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की लख्ख चांदण्याच्या रात्री हे प्राणी कमी हिंडतात. कारण सोपं आहे. उजेड म्हणजे धोका. वाघ, बिबट्या यांना मधल्या वेळचं खाणं म्हणून उदमांजर चालतं. त्यामुळे चांदणं पडलं की आपलं झाड बरं नि आपण बरे.

आता ज्या प्राण्याला पौर्णिमासुद्धा जास्त वाटते, त्याच्यासमोर आपण काय उभं केलंय बघा. हॅलोजन, होर्डिंग, गच्चीवरच्या पार्टीचे लेझर आणि रात्रभर जळणारे पोडियम गार्डनचे दिवे. तरी तो टिकून आहे. हीच त्याची कमाल.

संसाराचं म्हणाल, तर मामला सुटसुटीत. नर-मादी भेटतात, पुन्हा आपापल्या वाटेने जातात. दोन महिन्यांनी मादीला दोन ते पाच पिल्लं होतात. जन्मतः डोळे मिटलेले, साधारण अकराव्या दिवशी उघडतात. दोनेक महिने आईच्या दुधावर. सगळा भार एकट्या आईवर. रात्री ती पिल्लांना ढोलीत, माळ्यावर नाहीतर कौलांखाली ठेवून खाणं शोधायला जाते आणि पहाटे परत येते. वर्किंग मदर, आणि पाळणाघर नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाली, हनिमून आणि कॉफी

आता थोडं लांब जाऊ. इंडोनेशियाला. तुमच्यापैकी निम्मे तरी बालीला जाऊन आले असतील, उरलेल्यांच्या विशलिस्टवर बाली असेल. तिथल्या टूरमध्ये कॉफीच्या मळ्याची एक भेट असतेच. मळ्यात छान छान ट्रेमध्ये कॉफीचे नमुने मांडलेले असतात आणि गाइड डोळे मिचकावत सांगतो, ‘ही जगातली सगळ्यात महाग कॉफी!’

कोपी लुवाक. कोपी म्हणजे कॉफी आणि लुवाक म्हणजे आपलं उदमांजर. ते पिकलेली कॉफीची फळं खातं, गर पचतो, बी बाहेर पडते, ती बी धुऊन, वाळवून, भाजून कॉफी करतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मास्सिमो मार्कोने यांनी २००४ मध्ये दाखवलं, की उदमांजराच्या पोटातले पाचकरस बीच्या आत शिरतात आणि तिथली काही प्रथिनं तोडतात. कर्नाटकातल्या कोडगूच्या मळ्यांतल्या बियांवर २०२५ मध्ये झालेल्या अभ्यासातही उदमांजराच्या पोटातून आलेल्या बीमधली चरबी आणि काही सुगंधी घटक वेगळे निघाले. म्हणजे फरक पडतो, हे खरं.

पण हा फरक पिकलेल्या फळापासून सुरू होतो. जंगलातलं मोकळं उदमांजर हिंडून सगळ्यात गोड फळ निवडतं. रात्री पोटभर वेगवेगळं खातं, त्यात चवीपुरती कॉफी. माणसं सकाळी मळ्यात फिरून विष्ठा गोळा करतात. असं किती मिळणार? थोडंसंच. म्हणूनच ती महाग होती.

मग ती प्रसिद्ध झाली. टोनी वाइल्ड नावाचा ब्रिटिश कॉफीवाला १९९१ मध्ये ती पश्चिमेत घेऊन आला. १९९५ मध्ये अटलांटाच्या जॉन मार्टिनेझ यांना या कॉफीसाठी पोषण विभागाचं इग नोबेल पारितोषिक मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. २००७ च्या ‘द बकेट लिस्ट’ सिनेमात जॅक निकल्सनच्या तोंडी ही कॉफी आली आणि मग काय! किलोला शेकडो डॉलर. मागणी एवढी, की जंगलात फिरून विष्ठा वेचणं कोणाला परवडेना. सोपा उपाय निघाला. उदमांजरं पकडा, पिंजऱ्यात कोंबा आणि कॉफीची फळं भरवा.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि प्राणी कल्याणासाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून बालीतले असे १६ मळे पाहिले. २०१६ मध्ये त्यांचा अहवाल आला. पिंजऱ्यात जवळपास पन्नास उदमांजरं होती. अरुंद पिंजरे, खाली तारेची जाळी, पाय टेकवायला सपाट जागा नाही, पाणी अपुरं, खायला मुख्यतः कॉफीची फळं. दिवसा झोपणारा प्राणी, आणि दिवसभर पर्यटकांचे कॅमेरे. एकट्याने राहणारा प्राणी, आणि शेजारी खेटून दुसरे पिंजरे. रात्रभर मैलोन्‌मैल फिरणाऱ्याला चार पावलांची जागा.

सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. ज्या टोनी वाइल्डने ही कॉफी युरोपात आणली, त्यानेच २०१३ मध्ये तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. पिंजऱ्यातल्या उदमांजराची कॉफी आणि मोकळ्या उदमांजराची कॉफी यात बी बघून फरक सांगता येत नाही. पाकिटावर ‘वाइल्ड’ छापायला शाईशिवाय काही लागत नाही. म्हणजे तुम्ही महागाची घ्या नाहीतर स्वस्तातली, पैसे पिंजऱ्याकडे जायची शक्यताच जास्त.

आता कोणी म्हणेल, बालीतल्या पिंजऱ्याचं आपल्याला काय? एक म्हणजे आपणच तिथले गिऱ्हाईक आहोत. दुसरं, आपल्याकडेही कॉफीचे मळे आहेत आणि उदमांजरंही आहेत. कोडगूत ही कॉफी विकायला सुरुवात झालेली आहे. मोकळ्या प्राण्याच्या विष्ठेतून बिया वेचल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. पण मागणी वाढली की पिंजऱ्याचा मोह कोणाला होतो, हे बालीने दाखवून दिलंय.

आळ कोणावर?

मास्क, सॅनिटायझर वगैरे आपल्याला २०२० ने शिकवलं. त्याच्या आधीची रिहर्सल आठवते? २००२ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात सार्स सुरू झाला. २००३ मध्ये तिथल्या बाजारात विकायला ठेवलेल्या एका जातीच्या उदमांजरांमध्ये सार्ससारखा विषाणू सापडला. तो आपल्या पाहुण्याचा चुलतभाऊ, मुखवटेवालं उदमांजर. जानेवारी २००४ मध्ये ग्वांगडाँगमध्ये आदेश निघाला आणि सुमारे दहा हजार उदमांजरं मारायचं ठरलं.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, संशोधकांनी दाखवलं की अशा विषाणूंचं मूळ घर वटवाघळांत आहे. उदमांजर मधल्यामध्ये सापडलं होतं. बाजारात एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांमध्ये सगळ्या जातींचे प्राणी श्वासाला श्वास लावून बसवले होते, त्यात हेही एक. पिंजरा आपण बांधला, गर्दी आपण केली आणि शिक्षा कोणाला झाली? मसण्याऊद म्हणायची ही चिनी आवृत्ती समजा.

छपरावर आवाज आला तर

आता कामाचं बोलू. रात्री डोक्यावर धावपळ ऐकू येते, मांजरासारखं गुरगुरणं येतं, फॉल्स सीलिंगवर डाग दिसायला लागतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गदारोळ. ‘बिबट्याचं पिल्लू आहे!’ (नाही.) ‘लहान मुलांवर हल्ला करेल!’ (नाही. माणूस दिसला की आधी हाच पळतो. कोंडीत पकडलंत तर मात्र चावेल, कोणीही चावेल.) ‘पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.’ ‘पिंजरा लावा आणि दूर कुठेतरी सोडून या.’

हा शेवटचा मेसेज सगळ्यात जास्त थम्ब्स अप मिळवतो आणि सगळ्यात वाईट सल्लाही तोच. का ते बघा.

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली उदमांजराला संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा. कमिटीने ठराव पास केला म्हणून गुन्हा माफ होत नाही.

दुसरी गोष्ट पिल्लांची. इमारतीत उदमांजर मुक्कामाला आलं, तर ते बऱ्याचदा पिल्लांसाठी. तुम्ही पिंजऱ्यात पकडता ती आई. ती जाते पंचवीस किलोमीटर लांब आणि पिल्लं राहतात तुमच्या सीलिंगमध्ये, डोळेसुद्धा न उघडलेली. दोन दिवस बारीक आवाज येतो. मग थांबतो. मग वास येतो.

तिसरी गोष्ट पत्त्याची. अनोळखी जागेत सोडलेल्या प्राण्याला ना ढोली माहीत, ना फळझाड, ना कुत्र्यांपासून लपायची वाट. शिवाय तिथे दुसऱ्या कोणाचा तरी इलाका आधीच असतो. ‘जंगलात सोडलं’ हे ऐकायला छान वाटतं. त्याच्यासाठी ते रात्री दोन वाजता परक्या शहरात, बिनपैशाचं, बिनमोबाइलचं उतरवल्यासारखं असतं. आणि तुमची फट उघडीच राहिली, तर पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू हजर.

मग करायचं काय? थोडा धीर, आणि एक चांगला सुतार.

आधी कोणीतरी जाणकार माणसाकडून बघून घ्या, आत पिल्लं आहेत का. असतील तर दोन-अडीच महिने कळ काढा. पिल्लं फिरती झाली की आई त्यांना घेऊन आपणहून निघते. नसतील, किंवा निघून गेलेली असतील, तर रात्री सगळी मंडळी बाहेर पडल्यावर फटी बुजवा. मजबूत लोखंडी जाळी लावा. डक्टची झाकणं, निखळलेली कौलं, पाइप भिंतीत शिरतो तिथली भोकं, सगळं बघा. छपराला टेकलेली एखादी फांदी रीतसर परवानगी घेऊन छाटा. झाड तोडू नका, फांदी पुरते. ओला कचरा झाकून ठेवा. गच्चीवर मांजरांसाठी रात्रभर ठेवलेलं खाणं उचलून ठेवा. प्राणी जखमी असेल किंवा पिल्लू एकटंच सापडलं, तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. दूध-बिस्किट भरवायचा मोह आवरा. आणि हो, त्याच्यासोबत सेल्फी नको.

सिंगापूरमध्ये सिगलॅप नावाचा बंगल्यांचा भाग आहे. अगदी पॉश. तिथे घरांच्या छपरांत उदमांजरं वर्षानुवर्षं राहतात. तक्रारी तिथेही होतात, आंब्यांवरून भांडणं तिथेही आहेत. तरी त्या चकाचक शहरात हा प्राणी टिकलाय. म्हणजे प्रश्न पैशाचा नाही, जागेचाही नाही.

तो इथे कसा आला?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, ‘पण हा आला कुठून?’ तो कुठूनच आला नाही. त्याचा आंबा होता तिथे आपला पोडियम आला. त्याची कौलं होती तिथे टॉवर आला. जुना बंगला रीडेव्हलपमेंटला गेला, त्यासोबत परसातला चिकू, जांभूळ, उंबर गेले, ढोल्या असलेली झाडं गेली. त्या बदल्यात आपण शोभेचे पाम लावले, ज्यात ना ढोली, ना पोटाला पुरेसं फळ. मग आपल्या सीलिंगमध्येच ढोली दिसली तर त्याचं काय चुकलं?

जगाच्या यादीत उदमांजर अजून धोक्यात नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याच्या नावापुढे ‘चिंता नको’ अशाच अर्थाचा शेरा आहे. भारतापासून फिलिपिन्सपर्यंत तो पसरलेला आहे. त्यामुळे त्याच्यासाठी मोर्चे निघत नाहीत, टी-शर्ट छापले जात नाहीत. वाघासाठी आपण टी-शर्ट घालतो, कारण वाघ लांब आहे. हा जवळ आहे, म्हणून त्याला पिंजरा.

तेव्हा या महिन्यात एवढंच करा. तुमच्या बिल्डिंगचा रीडेव्हलपमेंटचा प्लॅन येणार असेल, तर लॅण्डस्केपिंगच्या यादीवर एक नजर टाका आणि बिल्डरला विचारा, यात एखादं उंबर, एखादं जांभूळ बसतं का? जुनं ढोलीवालं झाड वाचवता येतं का? गेस्ट पार्किंगवर आपण दोन तास भांडतो, यावर दहा मिनिटं बोलू.

आणि बालीचं तिकीट काढलंच असेल, तर मस्त फिरून या. समुद्र बघा, देवळं बघा, भातखाचरांचे फोटो टाका. मळ्यातला गाइड डोळे मिचकावून ती छोटी कपबशी पुढे करेल, तेव्हा फक्त म्हणा, ‘साधी आण रे बाबा, आमच्याकडे उदमांजर गच्चीवर फुकट राहतं!’